फेडलेल्या लोनची वसुली? मग आता प्रतिदावाच

डोकं नुसतं तापलंय. ज्या स्कूटरचं लोन मी शेवटच्या पैशापर्यंत फेडलं, काही बाकी नाही अशी एनओसी घेतली, पेठ रोडच्या आरटीओत जाऊन आरसीवरची एचपी (फायनान्सवाल्याच्या बोजाची नोंद) काढून आणली, त्याच लोनच्या वसुलीचा दावा त्याच फायनान्स कंपनीने आता माझ्यावर नाशिक कोर्टात ठोकलाय. अरे, एचपी काढायला फॉर्म ३५ लागतो आणि त्यावर फायनान्सवाल्याचीच सही लागते, म्हणजे आमचं काही येणं नाही हे यांनीच लिहून दिलंय ना! मग आता कसलं येणं?

आणि पुरावा काय जोडलाय तर खातेउतारा. मी एकरकमी भरून खातं बंद केलं ती एन्ट्रीच त्यात नाही, सरळ गायब, आणि पुढच्याच महिन्यापासून ईसीएस (बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) बाउन्स, दंडव्याज, व्हिजिट चार्ज, परत बाउन्स... बंद खात्याचा हप्ता बाउन्स होतोच कसा? एनओसी आणि हा उतारा शेजारी ठेवून नुसत्या तारखा बघितल्या तरी शाळकरी पोराला कळेल. यांच्या वकिलाने कागद वाचले तरी का?

त्याआधी यांच्या वसुली एजन्सीवाल्यांनी जो छळ मांडला तो वेगळाच. रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे, वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी नाही, संध्याकाळी ७ नंतर नाही, घरच्यांना त्रास द्यायचा नाही. यांचे फोन रात्री साडेनऊला, आणि तेही सिडकोत राहणाऱ्या माझ्या आईला! "पोराला सांगा पैसे भर, नाहीतर गल्लीत माणसं पाठवतो." बीपीची गोळी चालू असलेल्या बाईशी ही भाषा. नाव विचारलं की फोन कट. एनओसी व्हॉट्सॲपवर पाठवली की दुसऱ्या दिवशी नवीनच माणूस, परत पहिल्यापासून सुरू.

त्यात नातेवाईक म्हणतात, दे थोडेफार, मिटवून टाक, कोर्टाची पायरी नको. का देऊ? समन्स मिळालं की कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस असतात, कोर्टाने मुदत वाढवली तर ९०, आणि गप्प बसलं की एकतर्फी हुकूम व्हायची भीती. लोक गप्प बसतात म्हणूनच यांचं फावतं. मी सगळी फाइल उचलली, सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात माझ्या वकिलांपुढे ठेवली आणि कैफियतीसोबत प्रतिदावा, म्हणजे यांच्यावरच उलटा दावा, टाकला, दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ८, रूल ६ए. कोर्ट फी वेगळी भरावी लागली, लागू दे. यांनी सिबिलला (कर्जफेडीचा रेकॉर्ड ठेवणारी कंपनी) मला थकबाकीदार दाखवलं म्हणून दुकानासाठीचं माझं लोन अडकलं, त्याची भरपाई कोण देणार? आईच्या मनस्तापाचं काय?

प्रतिदाव्याची प्रत पोचली आणि लगेच सूर बदलला बघा. आता "सर सर" सुरू. म्हणे, आम्ही पुरसीस (कोर्टात लेखी निवेदन) देऊन दावा काढून घेतो, तुम्ही पण तुमचा काढा, विषय संपला. तुमचा संपला असेल! खुशाल काढा, रूल ६डी आहे, तुम्ही दावा काढला तरी माझा प्रतिदावा चालूच राहतो. फोनवर गोड बोलून काही होणार नाही, सिबिलची नोंद आधी दुरुस्त करा, चूक लेखी मान्य करा, आणि रात्री साडेनऊला माझ्या आईला धमकावणारा तो माणूस कोण होता ते कोर्टात नावानिशी सांगा.