अंड्यांचे ट्रे, १९२ किलोहर्ट्झ आणि आमचे दाजी

मिरजेहून ताईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिच्या मागची भिंत मला ओळखूच येईना. कोपऱ्यात देवघर होतं, शेजारी गवसणीतला तानपुरा होता, म्हणजे खोली तीच. पण दोन्ही भिंतींवर जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत करडे, खडबडीत काहीतरी डकवलेलं. अंड्यांचे ट्रे! ज्या घरात आजवर एक अंडं उंबरा ओलांडून आत आलं नाही, त्या घरात एकशे साठ ट्रे. दाजी मागून ऐटीत म्हणाले, "पोरीचा स्टुडिओ. एकदम साउंडप्रूफ."

भाची एकोणीस वर्षांची आहे. चांगली गाते आणि तिला घरीच अभंग रेकॉर्ड करायचेत. दाजींना कुठून तरी तो मेसेज आला, 'घरच्या घरी प्रोफेशनल स्टुडिओ : ७ सुवर्णनियम'. तुम्हालाही आला असेल. मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवलाय आणि चारही वेळा मी तो न वाचता पुसून टाकला. ती चूक झाली. नियम थोडक्यात असे : भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा म्हणजे खोली साउंडप्रूफ होते, माइक कंडेन्सरच (वीज लागणारा, बारकावे टिपणारा) हवा, रेकॉर्डिंग १९२ किलोहर्ट्झवरच (म्हणजे सेकंदाला आवाजाचे १,९२,००० नमुने घेऊन) करा, नाहीतर श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, हरवतात, सोन्याचा मुलामा असलेल्या वायरी घ्या, हेडफोनवर मिक्सिंग कधीही करू नका, दीड लाखाच्या आत स्टुडिओ होत नाही, आणि सातवा नियम शेवटी सांगतो.

मी गेली बारा वर्षं पुण्यात घरातल्याच एका खोलीत निवेदनं आणि गाणी रेकॉर्ड करतो. मोठा ध्वनिमुद्रक वगैरे नाही. पण यातली निम्मी माती मी स्वतः खाल्लेली आहे.

आधी ट्रे. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन वेगळी कामं एकात कालवलीत. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम. खोलीतल्या खोलीत आवाज घुमू न देणं हे दुसरं. पहिल्याला वजन लागतं. वाण्याकडून एक रिकामा ट्रे आणून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ऐंशी ग्रॅमसुद्धा भरला नाही. एका चौरस मीटरला असे अकरा बसतात, म्हणजे किलोभरही नाही. आता त्यामागची भिंत बघा. अर्ध्या विटेची, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जाते. दोनशे किलोंना जे अडवता आलं नाही, ते हा पाऊण-एक किलोचा लगदा अडवणार? भिंतीचं वजन दुप्पट केलं तर साधारण ६ डेसिबलची भर पडते. इथे आपण अर्ध्या टक्क्याची वाढ करतोय.

शिवाय ताईच्या घरी रिक्षाचा आवाज भिंतीतून येतच नाही. तो येतो दाराखालच्या दोन बोटांच्या फटीतून आणि न लागणाऱ्या खिडकीतून. आवाज पाण्यासारखा असतो, वाट मिळाली की शिरतो. एखाद्या भिंतीत फक्त १ टक्का जागा उघडी असेल, तर बाकीची भिंत किल्ल्याच्या तटाची का असेना, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. दाराला रबरी पट्टी लावायला दाजींना अर्धा तास लागला असता. ट्रे लावायला तीन दिवस लागले.

"अरे, पण घुमणं कमी झालंय. टाळी वाजवून बघ," असं दाजींनी फोनवरच ऐकवलं. झालंय खरं. तेवढं अर्धसत्य त्यांना देऊन टाकतो. पण कुठला आवाज कमी झालाय ते बघा. ट्रेची जाडी फार तर ५ सेंटिमीटर. एवढ्या जाडीची वस्तू साधारण १,७०० हर्ट्झच्या वरच्या आवाजावर काही परिणाम करते, खाली जाल तसा तो संपत जातो. टाळीत वरचा आवाज भरपूर असतो, म्हणून टाळी फसवते. भाचीचा सा काळी चारचा, म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झ. त्याची लाट दीड मीटरहून लांब. डग्ग्याच्या १०० हर्ट्झच्या घुमाऱ्याची लाट जवळजवळ साडेतीन मीटर. या लाटांना ट्रे म्हणजे हत्तीच्या वाटेत पसरलेली रांगोळी. परिणाम काय, तर आवाजातली झळाळी तेवढी गेली आणि बोदा घुमारा जागच्या जागी राहिला. भाचीनं पाठवलेला पहिला अभंग ऐकला, तर पोरगी रांजणात बसून गातेय असं वाटलं.

इथवर मी हसत होतो. मग लक्षात आलं की देवघर त्याच खोलीत आहे. संध्याकाळी ताई समई लावते आणि समईपासून हातभर अंतरावर कागदाच्या लगद्याची, डिंकानं डकवलेली, हवा खेळती राहील अशी खोलगट भिंत. आणि दाजींच्या मनात पुढचा बेत होता तो फोमचा! बाजारात 'अकूस्टिक' म्हणून मिळणारा स्वस्त फोम बऱ्याचदा साधा पॉलियुरेथेन असतो. २००३ साली अमेरिकेतल्या र्‍होड आयलंडमध्ये 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबात मंचावरच्या आतषबाजीच्या ठिणग्या असल्याच फोमवर उडाल्या आणि १०० माणसं गेली. २०१३ साली ब्राझीलच्या सांता मारियात 'किस' नाइटक्लबात तेच झालं. छताला आवाजासाठी लावलेला फोम पेटला, त्याच्या विषारी धुरानं २४२ जणांचा जीव घेतला. तिथे आतषबाजी होती, गर्दी होती, घरात ते नसतं, मान्य. पण घरात समई असते, उदबत्ती असते, जुनं वायरिंग असतं आणि मेसेजमध्ये आगीबद्दल अवाक्षर नसतं. माझा खरा राग यावर आहे. बाकी नियमांनी फार तर पैसे जातात.

मग करायचं काय? ताईच्या माळ्यावर आजीच्या हातच्या सहा गोधड्या आहेत. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या, भिंतीपासून वीतभर पुढे सोडलेल्या. बाजूला कपड्यांचं उघडं कपाट. माइक समोरून ऐकतो आणि मागून कमी ऐकतो, म्हणून मऊ वस्तू लागते ती गाणाऱ्याच्या पाठीशी. ही गोष्ट त्या सात नियमांत कुठेच नाही. (गोधड्याही समईपासून लांब, हे ताईला सांगावं लागलं नाही.) कायमची सोय हवी असेल तर रॉकवूलचे १०० मिलिमीटर जाडीचे स्लॅब लाकडी चौकटीत बसवायचे आणि वरून कापड ताणायचं. दगडाचे तंतू असतात, पेटत नाहीत. हाताला खाज सुटते तेवढी सोसायची.

दुसरा नियम, कंडेन्सरच हवा. "डायनॅमिक माइक भाषणाचा असतो" असं त्यात लिहिलंय. डायनॅमिक म्हणजे वेगळी वीज न लागणारा साधा माइक. मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर' या अल्बमसाठी त्याचा आवाज ध्वनिमुद्रक ब्रूस स्विडीननं शुअर कंपनीच्या एसएम७ या माइकवर घेतला होता. एसएम७ डायनॅमिक आहे. आता ते भाषण होतं का ते दाजींनी ठरवावं. कंडेन्सर बारकावे जास्त टिपतो, तानपुऱ्याच्या जवारीचा झंकार त्यावर फार सुंदर येतो, हे मी नाकारत नाही. पण तो पंखाही तितक्याच प्रेमानं टिपतो, शेजारच्या कुकरची शिट्टीही. डायनॅमिक माइकची जादू त्याच्या बहिरेपणात नाही, तो तोंडाजवळ चालतो यात आहे. गाणाऱ्याचं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो आणि खोली जिथल्या तिथे राहते. ज्या घराखाली रिक्षा स्टँड आहे, तिथे साधा डायनॅमिक माइक चार बोटांवर धरून गाणं बरं. एक अडचण मात्र आहे. एसएम७ सारख्या माइकांना गेन (म्हणजे आवाजाची वाढ) खूप लागतो. इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) हलक्या दर्जाचा असेल तर सळसळ ऐकू येते. कंडेन्सरला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज) द्यावी लागते, ती सोय बहुतेक साध्या इंटरफेसमध्ये असतेच.

आता श्रुती. हा नियम वाचून मला ट्रेपेक्षाही जास्त झिणझिण्या आल्या, कारण तो मिरजेत वाचला गेला! मेसेज म्हणतो, ४४.१ किलोहर्ट्झवर बावीस श्रुती 'कापल्या जातात', म्हणून १९२ चा महागडा इंटरफेस घ्या. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांचा हा आकडा, म्हणजे सुरांमधल्या पायऱ्या असा त्या लेखकाचा समज दिसतो. तसं काही नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले की २२,०५० हर्ट्झच्या खालचा प्रत्येक आवाज जसाच्या तसा परत उभा करता येतो. मधला सूर सुटत नाही. एका श्रुतीचा लहानातला लहान फरक ८१/८० या गुणोत्तराचा. भाचीच्या सा-पाशी तो भरतो अडीच हर्ट्झच्या आसपास. ४४.१ वर तो सहज पकडला जातो. दुप्पट-चौपट रेटनं वाढतं ते वरचं छप्पर आणि त्या छपराखाली आधीच माणसाचा कान संपलेला असतो. पोराटोरांना २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, दाजींच्या वयाला त्याच्या पुष्कळ खाली.

मिरजेत किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, तिथेच त्यांची कबर आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची मोजमापं करत होते, तेव्हा सूर लावून दाखवायला खाँसाहेबच होते. त्यांच्या तबकड्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या, वरचा झंकार गेलेला, खाली सतत खरखर. तरी त्यांचा कोमल रिषभ कुठे लागतो हे दर्ग्याच्या उरसात गाणं ऐकायला बसलेला कुणीही सांगेल. त्या तबकडीत श्रुती टिकल्या आणि दाजींच्या लॅपटॉपमध्ये ४४.१ वर कापल्या जातील?

ऐकून फरक कळतो म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग आहे. ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी तो ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात सप्टेंबर २००७ मध्ये छापला. हाय-रेझोल्युशन तबकडी वाजवायची आणि मध्येच गुपचूप १६ बिट, ४४.१ चा, म्हणजे साध्या सीडीच्या दर्जाचा, अडथळा घालायचा. ऐकणाऱ्यांत व्यावसायिक ध्वनिमुद्रकही होते. ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं आली २७६. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढंच. काही तबकड्यांचं मूळ रेकॉर्डिंगच तेवढ्या दर्जाचं नव्हतं असा आक्षेप नंतर आला, तो वाजवी आहे. २०१६ मध्ये १८ प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला, त्यात आकडा ५२.३ टक्क्यांवर सरकला. घ्या, सव्वादोन टक्के दाजींना दिले. त्यासाठी ४८ च्या चौपट मोठ्या फाइली, एका माइकच्या मिनिटाला जवळजवळ ३५ एमबी, आणि धापा टाकणारा लॅपटॉप. २४ बिटवर रेकॉर्ड करा, असं मेसेजमध्ये जाता जाता म्हटलंय. ते बरोबर आहे. गाणारा अचानक तार सप्तकात गेला तर आवाज फाटू नये म्हणून पातळी खाली ठेवता येते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. विषय संपला.

सोन्याच्या वायरी. सोनं गंजत नाही, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत त्याचा उपयोग असेल. मिरजेत तीन मीटरच्या वायरीला साधी, नीट डाग दिलेली एक्सएलआर (माइकची तीन पिनांची वायर) पुरते.

हेडफोनवर मिक्सिंग नको, यात तथ्य आहे, म्हणायला जिवावर येतं पण आहे. हेडफोनवर डग्ग्याचा अंदाज चुकतो. फक्त दहा बाय दहाच्या चौकोनी खोलीत मोठे मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) लावले तरी तो चुकतोच, कारण त्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपास लांबी आणि रुंदी दोन्हीकडून एकच घुमारा उठतो. कुठे बसता त्यावर डग्गा गायब किंवा दुप्पट. तेव्हा बंद कानांचे हेडफोन घ्या. रेकॉर्डिंगच्या वेळी तानपुरा माइकमध्ये गळू नये म्हणून ते लागणारच आहेत. मिक्स झाल्यावर गाडीत, फोनवर, ताईच्या स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर ऐका.

दीड लाखाचं म्हणाल तर दोन इनपुटचा इंटरफेस, एक डायनॅमिक माइक, स्टँड, हेडफोन आणि घरातला लॅपटॉप यावर भाचीचं काम निघतंय. दीड लाखाचा हिशोब कुणाच्या दुकानाचा आहे हे मेसेजच्या तळाशी असलेल्या नंबरवरून ओळखायला ज्योतिषी नको.

गेल्या रविवारी ट्रे काढले. डिंकाबरोबर भिंतीचा रंग आणि दोन ठिकाणी गिलावाही निघाला. दाजी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. भाची हळूच म्हणाली, "मामा, त्यांना वाटलं होतं तू खूश होशील." कारण सातवा नियम असा होता : हा मेसेज संगीतातलं कळणाऱ्या अकरा माणसांना पाठवा. दाजींना अशी दहाच आठवली, अकरावं नाव माझं घातलं होतं.