जार्डिन मॅथिसन, अफू आणि मुंबई : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. केझिक घराण्याच्या हातात असलेल्या हाँगकाँगच्या जार्डिन मॅथिसन या कंपनीवर मी लिहिलेल्या लेखाबद्दल तुम्ही म्हणता : ‘जवळजवळ दोनशे वर्षांच्या कारभारात तुम्हाला केझिक घराण्याची दूरदृष्टी दिसली, आणि अफूला मात्र दोन वाक्यं. मुंबईचं तर नावही नाही. सगळी इस्टेट अफूच्या पैशाची, पुढच्या पिढ्या आयत्यावर बसल्या, एचएसबीसी बँकही त्यांनीच त्या पैशातून काढली, हे सरळ लिहायला काय हरकत होती?’

यातलं अर्धं मला पूर्ण मान्य आहे. उरलेलं अर्धं मान्य नाही, आणि का नाही ते सांगायला जरा जागा लागेल.

आधी मुंबई. तिचं नाव राहून गेलं याचं मला खरोखर वाईट वाटलं. माझा जन्म जे. जे. रुग्णालयातला. ज्या जमशेटजी जीजीभॉयांच्या नावाने ते उभं आहे, त्यांच्याशिवाय जार्डिन मॅथिसनची गोष्ट सुरूच होत नाही, आणि मी ती त्यांना वगळून सांगितली. तर आता नीट सांगतो.

१८०५ साली ईस्ट इंडिया कंपनीचं ‘ब्रन्सविक’ हे जहाज चीनकडे निघालं होतं. जहाजावरचा डॉक्टर होता विल्यम जार्डिन, स्कॉटलंडच्या डम्फ्रीशायरमधला. त्याच जहाजावर आपला माल घेऊन निघालेले जमशेटजीही होते. दोघेही विशीतले. सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच आरमाराने जहाज पकडलं आणि या दोघांना कैदी म्हणून केप ऑफ गुड होपला नेलं. तिथे जुळलेली ओळख दोघांनाही जन्मभर पुरली. पुढे जार्डिनने डॉक्टरकी सोडून व्यापार धरला. १ जुलै १८३२ रोजी त्याने जेम्स मॅथिसनबरोबर चीनच्या कँटन बंदरात जार्डिन, मॅथिसन अँड कंपनी काढली, तेव्हा तिला मुंबईहून सर्वांत जास्त माल पाठवणारे होते जमशेटजी.

हा माल काय होता? कापूस होताच, पण खरी कमाई अफूची. बंगालकडच्या अफूवर कंपनी सरकारची मक्तेदारी होती. ती कलकत्त्याच्या लिलावात विकली जायची. मालव्याची गोष्ट वेगळी. मंदसोर, उज्जैन, इंदूर हा मुलूख शिंदे-होळकरांचा, म्हणजे मराठी दरबारांचा. तिथे पिकणाऱ्या अफूवर इंग्रजांचा थेट हात चालत नव्हता. त्यांनी आधी ती अडवून पाहिली, मग विकत घेऊन पाहिली. तरी माल पोर्तुगीजांच्या दमणवाटे बाहेर जातच राहिला. शेवटी १८३०च्या सुमारास त्यांनी परवाना फी लावून मुंबईची वाट मोकळी केली. जमशेटजींचे भागीदार पाहा : मोतीचंद अमीचंद जैन, महंमद अली रोगे कोकणी मुसलमान. दमणच्या वाटेचा जाणकार रोजेरिओ द फारिया मूळचा गोव्याचा. हा एकट्या स्कॉटिश पेढीचा धंदा नव्हता. आपल्या किनाऱ्यावरची बहुतेक सगळी माणसं त्यात होती, आणि चीनमध्ये तो बेकायदा आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. यावर पांघरूण घालण्याचा माझा हेतू नव्हता, पण दोन वाक्यांत उरकल्यावर परिणाम तोच झाला. तुमची तक्रार रास्त आहे.

अफूचा पैसा कुठे गेला, हे सांगतानाही मुंबईचाच नकाशा समोर येतो. १८४५मध्ये सुरू झालेलं जे. जे. रुग्णालय, त्याच वर्षी खुला झालेला माहीमचा कॉजवे (त्याचा खर्च जमशेटजींच्या पत्नी अवाबाईंनी दिला), १८५७चं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, पुण्यात बंडगार्डनचा बंधारा. त्या रुग्णालयात बरी होऊन घरी गेलेली माणसं आणि कँटनच्या गल्लीबोळांत व्यसनाने झिजलेली माणसं एकाच हिशेबवहीत आहेत. मी त्यातली एक बाजू दुसरीतून वजा करणार नाही. दोन्ही नोंदी तशाच राहू द्याव्यात असं मला मनापासून वाटतं.

आता जिथे आपलं जमत नाही तिथे येतो. ‘सगळी इस्टेट अफूच्या पैशाची’ हे तुमचं वाक्य ऐकायला ठाम आहे, पण कंपनीच्या चोपड्या वेगळं सांगतात. जार्डिन मॅथिसन ही मुळात अडत पेढी होती. माल दुसऱ्याचा, बहुतेक वेळा जहाजातला धोकाही दुसऱ्याचा, आणि विक्रीवर अडत यांची. स्वतःच्या पैशाने त्यांनी सट्टा केलाच नाही असं नाही, पण पाया अडतीचा. याचा अर्थ काय होतो ते १८३९ साली दिसलं. चिनी आयुक्त लिन त्सेशू यांनी वीस हजारांहून जास्त पेट्या अफू ताब्यात घेऊन नष्ट केली. जार्डिन मॅथिसनने हवाली केलेल्या पेट्यांतला मोठा भाग मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांचा होता. त्यावरून इंग्लंड आणि चीनमध्ये पहिलं अफू युद्ध झालं. ते संपवणाऱ्या १८४२च्या नानकिंग तहात अफूपोटी ६० लाख डॉलर भरपाई ठरली, ती मालाच्या किमतीपेक्षा बरीच कमी होती. मुंबईचे कित्येक व्यापारी त्यात बुडाले. जार्डिन मात्र त्याआधीच लंडनला पोहोचून परराष्ट्रमंत्री पामर्स्टनला युद्धासाठी पटवत होता, आणि युद्ध चालू असतानाच हाँगकाँग इंग्रजांच्या ताब्यात आलं तेव्हा तिथल्या जमिनीच्या पहिल्याच लिलावात, १८४१मध्ये, ईस्ट पॉइंटचे प्लॉट त्याच्या कंपनीच्या नावावर होते.

मला या कंपनीच्या नेतृत्वाचं सूत्र इथे सापडतं, आणि पहिल्या लेखात नेमकं हेच निसटलं होतं. अफूचे डॉलर केव्हाच विरले. मागे राहिली ती रीत : भांडवल दुसऱ्याचं, निर्णय आपला.

डॉलर विरले म्हणजे कसे, तेही सांगायला हवं. जार्डिन अविवाहित होता, तो १८४३मध्ये वारला. मॅथिसनने आपला पैसा काढून स्कॉटलंडचं लुईस बेट विकत घेतलं आणि तिथे गढी बांधली. पेढी पुतण्या-भाच्यांकडे गेली. केझिक हे जार्डिनच्या थोरल्या बहिणीच्या लेकीचे वंशज, मुलीकडून आलेली शाखा. आणि अफूचा धंदा? तोही १८७०च्या सुमारास हातचा गेला, आणि तो घेतला मुंबईच्याच ससूनांनी. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांच्या कुटुंबाने मालव्यात पीक उभं असतानाच व्यापाऱ्यांना आगाऊ पैसे द्यायला सुरुवात केली. मालावर पहिला हक्क त्यांचा झाला आणि भावात जार्डिनना त्यांच्याशी टिकता येईना. ससून डॉक आणि पुण्याचं ससून रुग्णालय पाहताना ही स्पर्धाही आठवायला हवी. अफू सोडण्यामागे पश्चात्ताप होता असं दाखवणारा एकही कागद माझ्या पाहण्यात नाही. हिशेब बसेना म्हणून सोडली.

‘पुढच्या पिढ्या आयत्यावर बसल्या’ हे मात्र मला अजिबात पटत नाही. आयतं काही टिकलंच नव्हतं. ज्या हाँगकाँग लँड कंपनीमुळे आज या समूहाला हाँगकाँगच्या सेंट्रल भागातला सर्वांत मोठा घरमालक म्हणतात, ती १८८९मध्ये जेम्स जॉनस्टन केझिक आणि पॉल चेटर यांनी मिळून काढली, आणि त्यात डोकं प्रामुख्याने चेटर यांचं. ते कलकत्त्यात जन्मलेले आर्मेनियन, लहानपणीच आईवडील गमावलेले. समुद्र हटवून किनाऱ्याला नवी जमीन काढायची ही त्यांची योजना. आज ज्या जमिनीवर टोलेजंग कचेऱ्या आहेत तिथे तेव्हा पाणी होतं. पुढे चीनमध्ये साम्यवादी सत्ता आली आणि १९५४पर्यंत मुख्य भूमीवरचं सगळं सोडून द्यावं लागलं : गिरण्या, धक्के, शांघायची कचेरी. १९५९मध्ये घराण्यातल्याच दुसऱ्या, बुकानन-जार्डिन शाखेचा कंपनीतला हिस्सा विकत घ्यायलाही केझिकांना लंडनच्या बँकांची मदत घ्यावी लागली, आणि १९६१मध्ये कंपनीचे शेअर बाजारात विकले गेले. म्हणजे पुन्हा तेच, पैसा बाहेरचा आणि खुर्ची घरची.

ती खुर्ची जवळजवळ गेलीच होती. १९८०मध्ये जहाजमालक वाय. के. पाओ यांनी काउलून व्हार्फ ही धक्क्यांची कंपनी हाँगकाँग लँडच्या हातून बघता बघता काढून घेतली. पुढचा घास हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग घेतील आणि तो हाँगकाँग लँडचा असेल, या धास्तीने जार्डिन आणि हाँगकाँग लँड यांनी एकमेकांचे सुमारे चाळीस टक्के शेअर उचलले, तेही कर्ज काढून. वर १९८२मध्ये हाँगकाँग लँडने एक्स्चेंज स्क्वेअरची जागा पावणेपाच अब्ज हाँगकाँग डॉलरला घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत जमिनीचे भाव कोसळले. हे सगळं घडलं तेव्हा तायपॅन (तिथे पेढीच्या मुख्याला असं म्हणतात) होते डेव्हिड न्यूबिगिंग, घराण्याबाहेरचे. १९८३मध्ये सायमन केझिक आले आणि त्यांनी एकेक मालमत्ता विकायला काढली. वीज कंपनीतला हिस्सा १९८५मध्ये ली का-शिंग यांच्या कंपनीनेच घेतला. पण १९८६मध्ये सगळ्या समूहाची नवी मांडणी केली ती ब्रायन पॉवर्स या अमेरिकन माणसाने. म्हणून ‘घराणं विरुद्ध कर्तबगार बाहेरचे’ अशी सरळ रेघ इथे ओढता येत नाही. बुडवणारे बाहेरचे होते, वाचवणाऱ्यांतही एक बाहेरचा होता.

पॉवर्सची मांडणी समजावून सांगतो, कारण पहिल्या लेखात मी तिलाच ‘दूरदृष्टी’ म्हटलं होतं आणि आज तो शब्द मी मागे घेतो. जार्डिन स्ट्रॅटेजिक नावाची एक कंपनी काढली. जार्डिन मॅथिसनकडे स्ट्रॅटेजिकचे बहुसंख्य शेअर आणि स्ट्रॅटेजिककडे जार्डिन मॅथिसनचे. पुढे हा दुसरा हिस्साही अर्ध्याच्या वर गेला. दोन घरं आणि प्रत्येकाची किल्ली दुसऱ्या घरात, असा प्रकार. बाहेरच्याने कितीही पैसे मोजले तरी आत शिरायची सोय नव्हती. जार्डिन मॅथिसनच्या सभेत सर्वांत मोठं मत स्ट्रॅटेजिकचं, आणि ते कसं द्यायचं हे ठरवणारे जार्डिन मॅथिसनचेच संचालक. स्वतः घराण्याच्या मालकीचे शेअर थोडे असले तरी चालायचं. बाकीच्या भागधारकांच्या पैशातून उभं राहिलेलं मत आपल्याच बाजूने पडायचं. कायद्यानेही वाट करून दिली, कारण कंपनीचं नोंदणीचं ठिकाण १९८४मध्येच बर्म्युडाला हलवलं होतं. १९८८मध्ये ली का-शिंग आणि त्यांच्या साथीदारांनी हाँगकाँग लँडवर शेवटचा प्रयत्न केला. त्यांचे शेअर विकत घेऊन सात वर्षं पुन्हा वाटेला न जाण्याचं वचन त्यांच्याकडून घेतलं गेलं. मग हाँगकाँगच्या शेअर बाजारातूनही समूह बाहेर पडला, आणि लंडन-सिंगापूरला गेला.

याला धोरणीपणा म्हणा, चिवटपणा म्हणा. पण छोट्या भागधारकाच्या जागेवरून पाहा. २०२१मध्ये ही गाठ सोडवायची ठरली तेव्हा स्ट्रॅटेजिकमधले उरलेले पंधरा टक्के शेअर ३३ डॉलरच्या भावाने घेतले, एकूण साडेपाच अब्ज अमेरिकी डॉलर. ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मतं हवी होती, आणि विकत घेणाऱ्या कंपनीची स्वतःची पंच्याऐंशी टक्के मतं त्यात मोजली गेली. भाव कमी आहे म्हणणाऱ्यांच्या हातात बर्म्युडाच्या कोर्टाखेरीज काही उरलं नाही. तो वाद पुढे कंपनीने वकिलांचा सल्ला भागधारकांपासून राखून ठेवावा की नाही इथपर्यंत वाढत गेला, आणि त्या मुद्द्यावर बर्म्युडाची शेवटची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने २०२५मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. १८३९ साली ज्यांच्या पेट्या गेल्या त्या मुंबईच्या व्यापाऱ्यांची मला इथे आठवण होते. तेव्हाही निर्णय एकाचा होता आणि माल दुसऱ्याचा.

म्हणून तुम्ही माझ्यावर ठेवलेला ठपका मी थोडा सरकवून स्वीकारतो. अफू लपवली म्हणून लेख कच्चा झाला हे खरं. पण अफू आणि आजचं साम्राज्य यांना तुम्ही पैशाच्या दोरीने बांधता. मी सत्तेच्या रीतीने बांधेन. पैशाची दोरी ससूनांनी एकदा आणि माओंच्या चीनने एकदा तोडली.

घराण्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. इंडोनेशियातल्या अस्त्रा या मोठ्या उद्योगात हिस्सा घ्यायला त्यांनी २००० साली सुरुवात केली, आशियाई मंदीत ती कंपनी कर्जाखाली वाकली होती तेव्हा. बहुतेकांनी तिकडे पाठ फिरवली होती. आज अस्त्राचा निम्म्याहून जास्त हिस्सा या समूहाकडे आहे. हा निर्णय अफूच्याही जिवावर नव्हता आणि किल्ल्यांच्या युक्तीच्याही. हेन्री केझिक यांच्या काळातलं हे काम मला मोठं वाटतं, आणि तेवढ्यापुरतं कौतुक मी लेखात ठेवणार आहे.

राहिली एचएसबीसी. ती जार्डिनने काढलेली नाही. १८६५मध्ये बँक सुरू झाली तेव्हा जार्डिन मॅथिसन मुद्दाम बाहेर राहिली होती, कारण हुंड्यांचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या चिठ्ठ्यांचा, धंदा तिचा स्वतःचाच होता. विल्यम केझिक संचालक मंडळावर आले ते १८७७मध्ये. बँकेची कल्पना पी अँड ओ या जहाज कंपनीच्या थॉमस सदरलँड यांची, आणि त्यांनी इतकी घाई केली तीही मुंबईमुळेच. १८६४मध्ये मुंबईत कापसाच्या पैशाने शेअरांची लाट आली होती. चीनच्या व्यापारासाठी एक बँक काढून तिचे फार थोडे शेअर हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांसाठी ठेवायचे, असा मुंबईकरांचा बेत होता. ती बातमी पोहोचल्यावर हाँगकाँगकरांनी आपली बँक आधी उभी केली. तिच्या पहिल्या समितीत पालनजी फ्रामजी आणि रुस्तमजी धनजीशॉ हे दोन पारशी होते, आणि ससूनांपैकी आर्थर. मूळ लेखात मुंबईचा हा परिच्छेद आज रात्री घालतो आहे, जमशेटजींच्या १८०५च्या सफरीच्या लगेच खाली.