‘न्यूज’ चार दिशांवरून आलेला नाही

‘नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं जोडून न्यूज झालं, कारण बातमी चारही दिशांनी येते’ हा सामान्यज्ञानाचा मेसेज पुन्हा फिरतोय. ऐकायला झकास, पण खोटा. ‘न्यू’ म्हणजे नवं. त्याचंच अनेकवचन ‘न्यूज’, म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचमधला ‘नुव्हेल’ हा बातमीचा शब्दही ‘नवीन’वरूनच आलाय. जुन्या इंग्रजी लिखाणात स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही सापडतं. मग ही जादा ‘ई’ कुठली दिशा? शिवाय इंग्रज माणूस दिशा मोजतो त्या सहसा नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट अशा क्रमाने.

शब्द जन्माने अनेकवचनी, पण आज चालतो एकवचनी: ‘न्यूज इज’ म्हणायचं, ‘न्यूज आर’ नाही. एकच बातमी असेल तर ‘अ पीस ऑफ न्यूज’. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘अ न्यूज’ चूकच.

‘न्यूज’चे इंग्रजी प्रतिशब्दही वाट्टेल तिथे खपत नाहीत. ‘टायडिंग्ज’ आता बहुतेक नाताळच्या गाण्यांपुरता उरलाय. ‘इंटेलिजन्स’ एकेकाळी वर्तमानपत्रांत बातम्यांच्या मथळ्यावर असे. आज त्याने गुप्तहेर आठवतात. बोलताना मात्र ‘एनी वर्ड फ्रॉम हिम?’ असं सहज विचारतात. तिथे ‘वर्ड’ म्हणजे निरोप, खबर.