'भाकरी पोटभर, गूळ बिनधास्त': मधुमेहाच्या त्या मेसेजचा समाचार

घरात कुणाला डायबिटीस निघाला की चार दिवसांत नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. आशय साधारण असा: भात बंद, ज्वारीची भाकरी पोटभर खा. साखरेऐवजी गूळ-मध घ्या. जेवल्यावर चालू नका, पचन बिघडतं. आठवड्यातून एक उपवास करा. रोज कारल्याचा रस प्या, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील. यातलं थोडं अर्धवट खरं आहे, म्हणून तर ते पटतं.

पहिला मुद्दा भाकरीचा. 50 ग्रॅम पिठाची मध्यम भाकरी घेतली तर त्यात साधारण 34 ग्रॅम कर्बोदकं असतात. 150 ग्रॅम शिजलेल्या भातात 40च्या आसपास. म्हणजे एक भाकरी आणि एक मोठी वाटी भात यांत जमीन-अस्मानाचा फरक नाही. ज्वारीत तंतू जास्त, त्यामुळे साखर जरा सावकाश चढते, हे मान्य. पण मेसेजमधल्या 'पोटभर' या शब्दानेच सगळा फायदा घालवला. भात सोडला म्हणून तीन भाकऱ्या हाणणाऱ्याचा पीपीचा, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेचा, आकडा खाली येईल कसा?

खरं तर काय खाल्लं याच्याइतकंच कोणत्या क्रमाने खाल्लं यालाही महत्त्व आहे. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 11 मधुमेही रुग्णांना एकच जेवण उलटसुलट क्रमाने दिलं. भाजी आणि प्रथिनं आधी, पाव वगैरे शेवटी, असं खाल्लं त्या दिवशी तासाभरानंतरची साखर सुमारे 37 टक्के कमी भरली. अभ्यास छोटा आहे, पण करून बघायला खर्च शून्य. आपल्या ताटात कोशिंबीर, उसळ, घट्ट वरण असतंच. ते निम्मंअधिक संपवून मग भाकरीला हात लावायचा. नुसती उसळ खायला आपल्याकडे जिवावर येतं, हे कबूल. ताक सोबत घ्या.

गूळ-मधाबद्दल फार लिहायची गरज नाही. गूळ हा बहुतांशी साखरच, मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. गुळातलं लोह मिळवायला जेवढा गूळ खावा लागेल, तेवढा मधुमेही माणसाने खाऊच नये.

'जेवल्यावर चालू नका' हा सल्ला मात्र सरळ उलटा आहे. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात 41 मधुमेही होते. दिवसात कधीतरी सलग 30 मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर 10 मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्के. आपली शतपावली याच जातीची, फक्त शंभर पावलं मिनिटभरात संपतात. सोसायटीला दोन-तीन फेऱ्या मारा. वामकुक्षी त्यानंतर.

उपवासात दोन धोके आहेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाच. एकादशीची खिचडी पीपीला अनेकदा साध्या जेवणापेक्षा महाग पडते. दुसरा धोका गंभीर. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण चुकवलं तर साखर 70च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी शुद्धीत असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. गुंगी असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा. पीपीसाठी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज सोबत चालू असेल तर घरची साखर चटकन लागू पडत नाही, कारण ती गोळी साखरेचं विघटनच अडवते. तिथे ग्लुकोजची पावडर लागते. ही गोष्ट कुठल्याच फॉरवर्डमध्ये दिसत नाही.

राहता राहिला कारल्याचा रस. कारल्याने साखर थोडी उतरतही असेल, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडणं वेडेपणा, आणि गोळीसोबत रोज पेलाभर पिणं डॉक्टरांपासून लपवणंही. गोळ्या सुटू शकतात, हे खोटं नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत (2017) निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्यांपैकी 46 टक्के जण वर्षअखेरीस औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली होते. पण ते देखरेखीखाली कित्येक आठवडे जेमतेम साडेआठशे कॅलरींवर राहिले होते, आणि ज्यांचं वजन जास्त उतरलं त्यांनाच जास्त यश मिळालं.

मेसेज पाठवणाऱ्या काकांना उत्तर द्यायचंच असेल तर आपला आकडा पाठवा. पहिल्या घासापासून घड्याळ लावून दोन तासांनी, हात धुऊन मोजायचं. बोटाला आंब्याचा रस लागलेला असेल तर मीटर भलताच आकडा दाखवतो. बहुतेक प्रौढांसाठी 180च्या आत हे नेहमीचं लक्ष्य. वय, गर्भारपण, इतर आजार पाहून डॉक्टर ते बदलतात. आज पोहे, उद्या भाकरी, परवा वाटीभर भात मोजून बघा. आणि लॅबमध्ये पीपी द्यायच्या दिवशी मुद्दाम अर्धपोटी जेवू नका. त्या रिपोर्टवरून डोस ठरतो.