२००९ साली काहीही दडपलं गेलं नाही

लंडनला राहणाऱ्या आमच्या मावशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. तिथून तो पुण्याला पोचला आणि पुण्याहून फिरून पुन्हा लंडनला. मेसेज थोडक्यात असा: ‘नॅशनल टेलिव्हिजन अवॉर्ड्स हा ब्रिटिश सरकारचा महाघोटाळा आहे. अँट आणि डेक ही जोडी सलग २३ वेळा जिंकली, कारण निकाल आधीच ठरलेला असतो. बक्षिसं फक्त आयटीव्हीच्या कार्यक्रमांना मिळतात. २००९ साली चोरी पकडली गेली म्हणून सोहळाच झाला नाही आणि ही बातमी दाबली. आता मत दिलेल्या प्रत्येकाला पैसे परत मिळणार आहेत, खालच्या लिंकवर बँकेचा तपशील भरा.’

शेवटच्या वाक्यामुळे हे लिहावं लागतंय. बाकीच्या थापा एकवेळ सोडून दिल्या असत्या. नॅशनल टेलिव्हिजन अवॉर्ड्स म्हणजे ब्रिटनमधले प्रेक्षकांच्या मतांवर दिले जाणारे टीव्हीचे पुरस्कार, आयटीव्ही ही तिथली खासगी वाहिनी, आणि अँट-डेक ही सूत्रसंचालकाचं बक्षीस जिंकत आलेली जोडी.

सरकारचा मुद्दा दोन ओळींत संपतो. नावात ‘नॅशनल’ असलं तरी हा पुरस्कार सरकार देत नाही. १९९५ साली वेम्बलीत पहिला सोहळा झाला. तेव्हापासून खासगी निर्माते तो भरवतात आणि आयटीव्ही दाखवते. परीक्षक बसवून दिले जाणारे टीव्हीचे पुरस्कार बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-टीव्ही अकादमीचे, आणि ते पूर्ण वेगळे.

‘फक्त आयटीव्ही जिंकते’ हा समज कुठून येतो ते कळतं. आपल्याकडे झी मराठीच्या पुरस्कारांत झी मराठीच्याच मालिका असतात आणि प्रेक्षक त्यांतूनच निवडतात. इथे तसं नाही. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका. तिच्यातल्या डेव्हिड टेनंटला २००६, २००७, २००८ आणि २०१० असे लागोपाठ चार सोहळ्यांत अभिनयाचा पुरस्कार मिळाला, तोही आयटीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणात. २०२५ साली नव्या नाटकमालिकेचं बक्षीस नेटफ्लिक्सच्या ‘ॲडोलेसन्स’ने नेलं. यापुढे या मुद्द्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आता २००९. हा दावा इतका पोकळ आहे की कॅलेंडर उघडलं तरी पुरे. २००८ पर्यंत सोहळा वर्षाच्या उत्तरार्धात व्हायचा. २००८चा सोहळा २९ ऑक्टोबरला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला, सूत्रसंचालक ट्रेव्हर मॅकडोनाल्ड. मग तो जानेवारीत न्यायचं ठरलं. पुढचा सोहळा २० जानेवारी २०१० रोजी ओटू अरीनात, डर्मट ओ’लिअरीच्या सूत्रसंचालनाखाली पार पडला. दोन्हींमध्ये पंधरा महिनेही नाहीत, फक्त २००९ हे कॅलेंडरवरचं वर्ष मधल्या फटीत सापडलं. याहून मोठा खंड पुढे पडला. २८ जानेवारी २०२० नंतरचा सोहळा कोविडमुळे थेट ९ सप्टेंबर २०२१ला झाला, म्हणजे एकोणीस महिन्यांनी. पण तेव्हा कुठलंच वर्ष कोरं गेलं नाही, त्यामुळे कुणाला काही ‘दाबल्याचा’ संशय आला नाही. २०२२ साली राणी एलिझाबेथ यांच्या निधनामुळे १५ सप्टेंबरचा कार्यक्रम १३ ऑक्टोबरवर गेला, तेही सगळ्यांना सांगूनच.

गंमत बघा, मेसेजमधला २३ हा आकडा बरोबर येतो तो २००९ वगळूनच. २००१ ते २००८ आठ, २०१० ते २०२४ पंधरा. लिहिणाऱ्याने आकडा कुठूनतरी उचलला, तो कसा आला हे पाहिलं नाही.

पण सगळ्यात जास्त लोकांना पटलेला मुद्दा हाच: इतक्या वेळा एकच जोडी कशी? त्यासाठी हे मतदान चालतं कसं ते बघायला हवं. अलीकडच्या पद्धतीत मे महिन्यात लांब यादी येते, लोक तिच्यावर मत देतात, त्यातून ऑगस्टमध्ये छोटी यादी निघते. मग पुन्हा मतदान होतं आणि ते सोहळ्याच्या दिवशी दुपारी बारापर्यंत चालू असतं. ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला. निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत, दुसरी पसंती विचारली जात नाही. आपल्या विधानसभेच्या मतदारसंघासारखंच.

समजा यादीत पाच नावं आहेत आणि शंभर मतं पडली. जोडीला ३०, बाकी चौघांना २४, १८, १६ आणि १२. जोडी जिंकली, आणि शंभरातल्या सत्तर जणांना ती नकोच होती. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, पण गणित खरं आहे: ज्याच्यामागे दरवर्षी हटकून येणारा पक्का मतदार आहे, त्याला बाकीच्यांची मतं फुटली की पुरतं. विरोधातली मतं दरवर्षी नव्या नावांमागे विखुरतात.

त्यात वेळापत्रक. ‘आय ॲम अ सेलेब्रिटी’ नोव्हेंबरात सुरू होऊन डिसेंबरात संपतो आणि तो हीच जोडी सादर करते. २०१० ते २०२० सोहळा जानेवारीत होता. म्हणजे शेवटचं मतदान चालू असायचं तेव्हा हे दोघं आठवड्यामागून आठवडे रोज रात्री घराघरात दिसून नुकतेच गेलेले असायचे. सोहळा सप्टेंबरला सरकला आणि यादी मे महिन्यात येऊ लागली, तेव्हा वसंतातले त्यांचे ‘सॅटरडे नाइट टेकअवे’ आणि ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ कामाला आले.

एप्रिल २०२४मध्ये ‘टेकअवे’ थांबला. मे २०२५च्या अखेरीस, लांब यादीचं मतदान चालू असतानाच, फुटबॉलच्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक गॅरी लिनेकर समाजमाध्यमावरच्या एका पोस्टच्या वादानंतर बीबीसी सोडून गेला. त्याचा ‘मॅच ऑफ द डे’ सुटला आणि कित्येक दिवस बातम्यांत तोच होता. सप्टेंबरात सूत्रसंचालकाचं बक्षीस त्याला मिळालं, जोडीची साखळी तुटली. माझ्या मते या दोन गोष्टींचा त्यात हात आहे. निकाल ‘आधीच ठरलेला’ असता, तर मेसेजवाल्याने आधी हे सांगावं की २०२५ साली तो कुणी बदलला.

२०१९चा निकाल मात्र मलाही खटकतो. अँट २०१८च्या मार्चमध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, त्यानंतर जवळजवळ वर्षभर कामापासून दूर होता. त्या हिवाळ्यात ‘आय ॲम अ सेलेब्रिटी’त डेकच्या सोबतीला हॉली विलोबी होती. तरी जानेवारीत बक्षीस जोडीलाच. चाहत्यांनी निष्ठेवर मत दिलं, कामावर नाही. हे वाईट मतदान म्हणा, चोरी नव्हे.

आणि हो, दोन गोष्टी मान्य कराव्याच लागतील. लांब यादीत कोण असावं हे लोक ठरवत नाहीत, आयोजक ठरवतात. आणि कुणाला किती मतं पडली हे आकडे जाहीर होत नाहीत. ते व्हायला हवेत, कारण याच अंधारात असे मेसेज वाढतात.

मेसेजमधलं अर्धसत्य कुठलं, तेही सांगतो. ब्रिटिश टीव्हीवर प्रेक्षकांच्या मताची चोरी खरोखर झाली आहे, पण दुसऱ्या ठिकाणी. डिसेंबर २००५मध्ये आयटीव्हीवरच्या ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्सचं लोकांनी निवडायचं बक्षीस याच जोडीच्या ‘टेकअवे’ला जाहीर झालं, प्रत्यक्षात जास्त मतं ‘द कॅथरिन टेट शो’ला होती. कार्यक्रम मध्येच बातम्यांसाठी थांबला, उरलेला भाग नंतर दाखवला, आणि बक्षीस देऊन झालेलं असतानाही प्रेक्षकांना फोन करायला सांगत राहिले. जोडीला याची कल्पना होती असं चौकशीत निघालं नाही. बीबीसीही सुटली नाही. मुलांच्या ‘ब्लू पीटर’मध्ये मांजराच्या नावासाठी मतदान झालं, मुलांनी ‘कुकी’ निवडलं, आणि आतल्या लोकांनी ध चा मा करून नाव ‘सॉक्स’ ठेवलं.

ही प्रकरणं दाबली का? ८ मे २००८ रोजी ऑफकॉम या नियामकाने आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंड दंड केला, तोवरचा सर्वांत मोठा. दंड झालेल्यांत ‘टेकअवे’ होता, तिथे फोन करणाऱ्यांतून स्पर्धक राहतो कुठे, बोलतो कसा हे पाहून निवडले होते. ‘सोपस्टार सुपरस्टार’ होता, तिथे प्रेक्षकांनी मतं देऊन निवडलेली गाणी निर्मात्यांनी बदलली होती. ऑफकॉमचा हा निर्णय जाहीर आहे, कुणीही वाचावा. नॅशनल टेलिव्हिजन अवॉर्ड्स दंड झालेल्या कार्यक्रमांत नाहीत. या प्रकरणांनंतर जास्त दराच्या फोनवरून घेतलेल्या मतांची बाहेरच्या तपासनिसाकडून पडताळणी वाहिन्यांना बंधनकारक झाली.

आणि आता ती लिंक. त्या फोन-प्रकरणांत प्रेक्षकांचे पैसे परत करण्याची तयारी आयटीव्हीने २००७ सालीच दाखवली होती, मेसेज रचणाऱ्याने तोच धागा उचललाय. या पुरस्कारांचं मत वेबसाइटवर फुकट देता येतं. जे पैसे घेतलेच नाहीत ते परत कसे येतील? लिंक उघडून कुणी खातं क्रमांक, कार्ड किंवा ओटीपी भरला असेल तर ब्रिटनमध्ये लगेच १५९ फिरवा, तिथून तुमच्या बँकेशी जोडून देतात. भारतातलं खातं असेल तर १९३०. तोच मजकूर साध्या एसएमएसने आला असेल तर ब्रिटनमधून ७७२६ला पाठवा. आणि तुम्हीच पुढे पाठवलेला मेसेज ग्रुपमधून काढताना ‘सगळ्यांसाठी डिलीट’ निवडा. नुसता आपल्या फोनवरून काढला तर बाकीच्यांच्या फोनवर लिंक तशीच राहते.