‘हजार वेळा वापराल तरच कप परवडतो’ हे गणित आपल्या ऑफिसला लागू होत नाही

ऑफिसमधले वापरून फेकायचे कप आणि बाटल्या बंद करायचा विषय निघाला की कंपनीच्या ग्रुपवर एक मजकूर हटकून येऊन पडतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच असतात. तो साधारण असा: ‘चिनी मातीचे, स्टीलचे कप हा पर्यावरणाचा नुसता देखावा आहे. एक कप हजार वेळा वापरला तरच तो युज अँड थ्रोपेक्षा बरा ठरतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. वर धुवायला पाणी लागतं ते वेगळंच. दुसऱ्यानं वापरलेला कप स्वच्छ असेल याची खात्री काय? आणि एवढे कप रोज धुणं शक्यच नाही. त्यापेक्षा कागदी कप वापरा, ते मातीत मिसळून जातात. बाटल्यांचं रिसायकलिंग होतंच. आणि ऑफिसचं प्लास्टिक असून असून असणार किती?’

हा मजकूर शास्त्राचं नाव घेऊन येतो, त्यामुळे अ‍ॅडमिन विभागाची भली भली माणसं तिथेच थांबतात. म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहू.

हजार हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ साली कपांच्या ऊर्जेचा हिशोब मांडला, त्यातला तो आहे. चिनी मातीचा एक कप बनवायला त्यांच्या हिशोबात १४ मेगाज्यूल ऊर्जा लागते, कागदी कपाला ०.५५ आणि थर्माकोलच्या कपाला ०.१९८. मातीचा कप दरवेळी डिशवॉशरमध्ये धुवायचा, त्याला धुण्यामागे ०.१८४ मेगाज्यूल. यावरून निघालेलं उत्तर असं: थर्माकोलच्या कपाशी बरोबरी व्हायला मातीचा कप १००६ वेळा वापरावा लागतो, आणि कागदी कपाशी बरोबरी व्हायला ३९ वेळा. मजकूर पसरवणाऱ्यांनी १००६ उचलला आणि ३९ तिथेच सोडून दिला.

हजाराचं मूळ कुठे आहे, हे नीट पाहायला हवं. थर्माकोलचा कप बनवायला ०.१९८ आणि मातीचा कप एकदा धुवायला ०.१८४, म्हणजे धुण्याचा खर्च नव्या कपाच्या जवळपास बरोबरीचा. त्यामुळे दर वापरामागे बचत अगदी किरकोळ होते आणि मूळचे १४ मेगाज्यूल फिटता फिटत नाहीत. हा खर्च आहे गरम पाण्याच्या डिशवॉशरचा. आपल्याकडे बहुतेक ऑफिसांत कप हातानं, नळाच्या साध्या पाण्यानं धुतात. धुण्याची ऊर्जा वगळून हॉकिंग यांचेच आकडे पुन्हा मांडा: थर्माकोलच्या कपाशी बरोबरी ७१ वापरांत होते, कागदी कपाशी २६ वापरांत. दिवसाला दोन चहा धरले तर कागदी कपाचा हिशोब १३ कामाच्या दिवसांत फिटतो. डिशवॉशर असला तरी ३९ वापर म्हणजे महिनाभराचं काम. थर्माकोलच्या कपाशी तुलना करायचं तर आपल्याला कारणच नाही, कारण महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून त्यावर बंदी आहे आणि देशभर १ जुलै २०२२ पासून. हॉकिंग यांनी स्टील मोजलं नव्हतं, हेही सांगायला हवं. पण पँट्रीत स्टीलचा कप पडला तर पोचा येतो आणि तो पुन्हा वापरात येतो, एवढं आपण सगळे रोज पाहतो.

शिवाय तो हिशोब फक्त ऊर्जेचा आहे. फेकलेला कप गटारात अडकतो, जाळला जातो, गायीच्या पोटात जातो, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही.

आता ‘कागदी कप मातीत जातो’ हे. खात्री करून घ्यायची असेल तर ऑफिसमधलाच एक कप फाडून कोमट पाण्यात भिजत घाला. काही वेळानं कागदाचा लगदा बोटांनी सरकवला की आतून एक पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटून हातात येतो. ते पॉलिथिन आहे. ते नसतं तर चहा दोन मिनिटांत टेबलावर आला असता. हा पापुद्रा मातीत जात नाही, आणि तो चिकटलेला असल्यामुळे कागदही सहजासहजी रद्दीत जात नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका हातानं कचरा निवडतात आणि विकलं जाईल ते बाजूला काढतात. चहानं ओला झालेला, साखरेला मुंग्या लागलेला, आत प्लास्टिक असलेला कप त्यांनी कुणाला विकायचा? राज्य सरकारनं जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कप आणि प्लेटा बंदीत आणल्या त्या याच कारणानं.

यात आपल्या पोटाचाही प्रश्न आहे. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा कपांत ८५ ते ९० अंश सेल्सिअसचं १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटं ठेवलं. त्या पाण्यात प्लास्टिकचे मायक्रॉन आकाराचे सुमारे २५,००० कण उतरले. शरीरात त्यांचं पुढे काय होतं यावर संशोधन अजून चालू आहे. पण मीटिंगमध्ये चहा हातात धरून पंधरा मिनिटं बोलत बसणं ही कुठल्याही ऑफिसातली नेहमीची गोष्ट, आणि ते कण टाळायला लागतो फक्त दुसरा कप.

काही कंपन्या यावर ‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणारे, कप आणतात. त्यांतलं मक्याच्या स्टार्चपासून केलेलं पीएलए हे प्लास्टिक बागेतल्या खड्ड्यात टाकून कुजत नाही. त्याला ६० अंशांच्या आसपास तापमान सतत राहील असा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. तुमचा कचरा तशा प्रकल्पात जातो का, हे आधी विचारा आणि मगच ऑर्डर द्या. तिथे जात नसेल तर तुम्ही जास्त पैसे मोजून तोच कचरा तयार करताय.

पाण्याचं म्हणणं गंभीरपणे घ्यायला हवं. लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. त्या राज्यात ‘थोडंसं पाणी’ असं म्हणून हा मुद्दा उडवता येत नाही. पण नळ सोडून एकेक कप धुणं ही सवय आहे, ती सक्ती नाही. तीन टब मांडा: एकात साबणाचं पाणी, पुढच्या दोन्हींत स्वच्छ पाणी, प्रत्येकी पाच लिटर. १५ लिटरांत ४० कप निघतात, म्हणजे कपामागे अर्ध्या लिटरपेक्षाही कमी. संडासाची टाकी एकदा पूर्ण सोडली की सहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी जातं. ज्यांना पाण्याची खरंच काळजी आहे त्यांनी आधी ऑफिसच्या नळांना हवामिश्रित धारेच्या जाळ्या बसवाव्यात. आणि कागदी कप पाण्यावाचून तयार होतो असं नाही. ते पाणी कागद गिरणीत खर्च होतं आणि आपल्याला दिसत नाही, इतकंच.

स्वच्छतेच्या शंकेला फार वेळ द्यायची गरज नाही. कोविडच्या ऐन काळात, जून २०२० मध्ये, १८ देशांतल्या ११९ तज्ज्ञांनी निवेदन काढून सांगितलं होतं की साबणानं नीट धुतलेली भांडी पुन्हा वापरायला सुरक्षित आहेत. तरीही कुणाला नको वाटत असेल तर ज्यानं त्यानं आपला कप नाव घालून ठेवावा.

धुणं शक्यच नाही, हे मात्र मला मुळीच पटत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४६ प्रमाणे अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन चालवायला लावता येत असे. चाकण, भोसरी, अंबडच्या कँटीनमध्ये स्टीलच्या खणाच्या ताटांत पाळी-पाळीनं शेकडो माणसं जेवतात आणि ती ताटं रोज धुतली जातात. मुंबईत १८९० पासून डबेवाले घरचा डबा ऑफिसात नेतात आणि रिकामा डबा घरी परत पोचवतात. पुन्हा वापरायची सोय शहराच्या पातळीवर उभी राहू शकते, याचा याहून मोठा पुरावा जगात शोधायची गरज नाही. अडचण सोयीची आहे, आणि सोय करणं हे कंपनीच्या हातात असतं.

बाटल्यांचं रिसायकलिंग होतं, हे बऱ्याच अंशी खरं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या २०१७ च्या अभ्यासात देशातल्या सुमारे ९० टक्के ‘पेट’ जातीच्या प्लास्टिकच्या बाटल्या पुन्हा उपयोगात येतात असं दिसलं. हे श्रेय कचरावेचकांचं आहे, बाटली विकणाऱ्यांचं आणि विकत घेणाऱ्यांचं नाही. पण त्यातून बहुतेक वेळा पुन्हा बाटली होत नाही. धागा होतो, पॉलिएस्टरचं कापड होतं आणि पुढे तो रस्ता संपतो. पुढच्या मीटिंगला नवी बाटली येते ती बहुतेक नव्या प्लास्टिकची. कॉन्फरन्स रूममधून दोन घोट घेऊन सोडलेल्या २०० मिलिलिटरच्या बाटल्या उचलताना कुणी पाहिलं असेल त्याला हेही माहीत आहे की प्यायचं पाणी त्यांच्यात उरतं आणि सिंकमध्ये ओतलं जातं. त्याच टेबलावर एक जग आणि सहा काचेचे पेले ठेवले की ही खरेदीच थांबते.

‘असून असून किती’ याला उत्तर सिक्कीमनं दिलं आहे. २०१६ मध्ये त्या सरकारनं सरकारी बैठका आणि कार्यक्रमांतून बाटलीबंद पाणी बंद केलं. लोकांना उपदेश करण्याआधी स्वतःच्या ऑफिसपासून सुरुवात केली. पुढे २०२२ पासून लहान बाटल्याच राज्यात बंद झाल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकड्यांप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ४१ लाख टन प्लास्टिक कचरा झाला. त्यात एका ऑफिसचा वाटा नगण्यच. पण घरोघरी हजार माणसांना पटवावं लागतं, ऑफिसात खरेदी करणारा माणूस एकच असतो. ६० जणांचं ऑफिस, दिवसाला दोन चहा, महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाला ३६,००० कप होतात. ते एका सहीनं थांबतात. पुरवठादाराचा दर लावून हा आकडा गुणून पाहा.

त्या मजकुरामागची एक शंका मात्र रास्त आहे. वस्तू टिकाऊ असून भागत नाही, ती वापरात राहावी लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेनं २०१८ मध्ये सुती पिशव्यांचा हिशोब केला. नुसता हवामानावरचा परिणाम धरला तरी प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी व्हायला साधी सुती पिशवी पन्नासहून जास्त वेळा वापरावी लागते. दर दिवाळीला, दर वर्धापनदिनाला लोगो छापलेली नवी पिशवी आणि नवी स्टीलची बाटली वाटणाऱ्या कंपन्यांनी हे मनावर घ्यावं. चौथी बाटली मिळालेला कर्मचारी पहिल्या तीन कपाटात ठेवतो. आहेत त्याच वापरायला लावणं फुकट पडतं.

आणि ज्या मुद्द्याला तो मजकूर हातच लावत नाही तो असा: कप धुणार कोण? बऱ्याच ठिकाणी कागदी कप जातात आणि हाउसकीपिंगच्या मावशींच्या दिवसात तेवढ्याच पगारात आणखी १२० कप येतात. सिंक कमरेच्या खाली, हातमोजे नाहीत, कप वाळत घालायला जागा नाही. असं केलं तर तीन महिन्यांत पुन्हा कागदी कप येतील, आणि ते योग्यच होईल. तेव्हा सिंकची उंची आधी बदला, वाळत घालायची जाळी लावा, आपला कप प्रत्येकानं स्वतः विसळावा हा नियम साहेबांपासून लागू करा. पाहुण्यांचे आणि मीटिंगचे कप उरतील, त्यांना रोजचा अर्धा-पाऊण तास लागेल. हाउसकीपिंगच्या करारात तो वेळ लिहा आणि मावशींना त्याचे पैसे द्या. कपांच्या खरेदीतून वाचलेली रक्कम त्यासाठी हातात आहेच.