त्या एका मताचं काय करायचं?

रविवारी सकाळी पिंपळाच्या कट्ट्यावर बंडोपंत मोबाइल उंचावूनच आले. राज्यसभेतल्या महाराष्ट्राच्या १९ जागांचं प्रगतिपुस्तक त्यांनी कुठूनसं मिळवलं होतं. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत सहभाग इतक्या वेळा.

"याला म्हणतात काम," पंत म्हणाले. "आकडा बोलतो. बाकी नुसत्या गप्पा."

"आकडा बोलतो, पण पंत ऐकतात कुठे?" सुलभाताई म्हणाल्या. "यातले तारांकित प्रश्न किती आणि अतारांकित किती, ते सांगा आधी."

पंतांना ते माहीत नव्हतं. प्रश्न म्हणजे प्रश्न, एवढंच त्यांचं म्हणणं. मग ताईंनी त्यांना नीट समजावलं, आणि ते इथे लिहायलाच हवं, कारण निम्मा महाराष्ट्र पंतांसारखाच आकडे मोजत बसतो. प्रश्नाची नोटीस १५ दिवस आधी द्यावी लागते. मग चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. राज्यसभेत एका दिवसाला १५ तारांकित आणि १६० अतारांकित प्रश्न लागतात. अतारांकिताचं उत्तर लेखी येतं, पटलावर ठेवलं जातं, संपलं. तो प्रश्न सहायकाने टाइप केला आणि खासदाराने नुसती सही ठोकली, तरी आकडा एकानं वाढतो. तारांकिताला मात्र मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि खरी गंमत पूरक प्रश्नात, म्हणजे त्या उत्तरावर लगेच विचारलेल्या प्रश्नात असते. मंत्र्याच्या हातातला कागद तिथे संपतो. प्रश्नोत्तराच्या तासाभरात जेमतेम पाचसहा तारांकित प्रश्नांना तोंड लागतं, उरलेल्यांची उत्तरं लेखीच मिळतात.

"आणि विशेष उल्लेख म्हणजे २५० शब्दांचा मजकूर," ताई पुढे म्हणाल्या, "तो वाचून दाखवायचा. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, तीन मिनिटं, मग माइक आपोआप बंद. हे सगळं तुमच्या त्या 'सहभाग' रकान्यात एकाच भावाने विकलं जातं. कांदा, लसूण, कोथिंबीर एकाच पाटीत."

"पण हजेरी तरी?" पंतांनी हेका सोडला नाही. "आपला सचिन तेंडुलकरच घ्या. राज्यसभेचा खासदार होता, एवढा मोठा माणूस, पण हजेरीवरून किती बोलणी खाल्ली!"

मन्या लगेच सरसावला. सचिनचा विषय निघाला की त्याला राहवत नाही. "२१ डिसेंबर २०१७ ला उभा राहिला होता ना बोलायला, खेळण्याच्या हक्कावर! गोंधळ घातला समोरच्यांनी. एक वाक्य बोलू दिलं नाही."

"आणि दुसऱ्या दिवशी फेसबुकवर बोलला," रफिकभाई म्हणाले. "चांगलं बोलला. पण ते सभागृहाच्या कामकाजात नाही, मन्या. शंभर वर्षांनी कुणी राज्यसभेचं इतिवृत्त उघडलं, तर तिथे नुसता गोंधळच सापडेल."

रफिकभाईंचं हे म्हणणं मला फार पटलं. सभागृहात उच्चारलेला शब्द लघुलेखक टिपतो, तो छापला जातो, प्रश्न असेल तर त्यावर मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. बाहेरच्या भाषणाला हे बंधन कुणावर नाही.

"म्हणून म्हणते," सुलभाताई म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात एक रकाना नाही, पंत. कारण सांगून दिलेलं विरोधी मत. ९ मार्च २०१०."

अप्पा तोवर गप्प होते. तारीख ऐकताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. अप्पांच्या घरी शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून देवघराशेजारी टांगलेला आहे, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

"शेतकरी संघटनेचे शरद जोशी?" पंत ओरडलेच. "राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकाला १८६ हो आणि एकट्याचं नाही! अहो, ते मत म्हणजे महाराष्ट्राला लागलेला डाग. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र! सावित्रीबाईंचा महाराष्ट्र!" पंत एकदा महाराष्ट्र म्हणायला लागले की शिवरायांपर्यंत गेल्याशिवाय थांबत नाहीत. आम्ही वाट पाहिली. ते गेले, आणि परत आले.

"चांदवड आठवतंय का रे तुला?" अप्पांनी विचारलं. "१९८६. तिथे बायांचं अधिवेशन या माणसाने भरवलं. लक्ष्मीमुक्ती कुणी चालवली? सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा म्हणून गावोगाव कोण फिरलं? तुझ्या सातबाऱ्यावर वहिनींचं नाव आहे का, ते सांग आधी."

पंतांनी विषय बदलला. "मग २००४ ला भाजप-सेनेच्या पाठिंब्यावर राज्यसभेत कशाला गेले? तिथेच फुटली ना तुमची संघटना? राजू शेट्टी वेगळे झाले ते उगाच?"

हा वार अप्पांना लागला. या प्रश्नावर अप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ वीस वर्षं एकमेकांच्या घरी सणाला जात नाहीत. मन्याने घाईघाईने भजी पुढे केली.

"ते राजकारण बाजूला ठेवा," ताई म्हणाल्या. "मताचं कारण बघा. जोशींचा आक्षेप बायांना जागा देण्यावर नव्हता, सोडतीवर आणि फिरतीवर होता. त्या विधेयकात राखीव जागा दर निवडणुकीला फिरणार होत्या. आता हिशेब करा. लोकसभेच्या ५४३ जागा. त्यांचा तिसरा हिस्सा बायांना, म्हणजे १८१. दर निवडणुकीला १८१ जागा नव्याने राखीव होणार आणि आधीच्या १८१ खुल्या होणार. म्हणजे ३६२ मतदारसंघांत पाच वर्षं राबलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकणार. पुरुषाची सरकते तशी बाईचीही. निवडून आलेल्या बाईला पुढच्या खेपेला तीच जागा खुली झालेली मिळणार, समोर पक्षाचा जुना पुढारी उभा. ती मतदारसंघ बांधील कशाला?"

मन्या म्हणाला, "आपल्या महापालिकेत बघतोच की. सोडत निघाली की नगरसेवकाचं तोंड बघण्यासारखं होतं. आणि दुसऱ्या दिवशी बायकोच्या नावाचे फ्लेक्स."

"तेच," ताई म्हणाल्या. "पाच वर्षांनी पुन्हा त्याचेच फ्लेक्स. बाई फक्त मधल्या काळात सही करायला."

पंतांनी इथे एक ठरलेलं वाक्य टाकलं, की सुधारणा आधी येते आणि त्रुटी नंतर सुधारतात. ताई म्हणाल्या, "घटनादुरुस्तीत त्रुटी ठेवणं म्हणजे पायाच्या दगडात भेग ठेवणं. वर मजले चढल्यावर कोण उपसणार ती?"

मग निघाला भागाकार, आणि माझ्या मते त्या सकाळचा सगळ्यात मोलाचा भाग हाच. रफिकभाईंनी सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला आकडे मांडले. घटनादुरुस्तीला दोन अटी असतात. एक, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं. राज्यसभा २४५ ची, म्हणजे किमान १२३. दोन, हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश. त्या दिवशी १८६ अधिक १, म्हणजे १८७ जणांनी मत दिलं. त्यांचे दोन-तृतीयांश १२५. दोन्ही अटी आरामात पुऱ्या झाल्या.

"आता बघा," रफिकभाई म्हणाले, "बसपाने सभात्याग केला. कोट्यात कोटा हवा, म्हणजे बायांच्या आरक्षणातच वंचित गटांतल्या बायांना वेगळा हिस्सा हवा, हे त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. पण बाहेर गेलेला माणूस दुसऱ्या अटीच्या भाजकातून गळतो. म्हणजे तो विरोधात असूनही दोन-तृतीयांश गाठणं सोपं करून जातो. आत बसून 'नाही' म्हणणाऱ्याचं तसं नाही. त्याचं एक मत खोडायला समोरच्याला दोन 'हो' उभे करावे लागतात."

"म्हणजे त्या दिवशी विरोध खरा कुणी केला?" ताईंनी विचारलं. "आदल्या दिवशी ८ मार्चला विधेयकाचे कागद फाडले गेले. ९ तारखेला सात जण निलंबित झाले, मार्शलांनी उचलून नेले. टीव्हीवर तेच दिसले. पण सात जणांची मतं इतिवृत्तात शून्य. जोशींचं एक आहे, आणि त्याला कारण जोडलेलं आहे."

पंत म्हणाले, "हरलं ते हरलंच. एका मताने काय फरक पडला?"

"पडला की नाही ते २०२३ चा महिला आरक्षण कायदा उघडून बघा." ताईंनी इथे आवाज जरासुद्धा चढवला नाही, आणि म्हणून सगळे गप्प झाले. "२०१० चं विधेयक राज्यसभेत संमत होऊन लोकसभेत पडून राहिलं आणि २०१४ ला लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. २०२३ ला या कायद्याची १०६ वी घटनादुरुस्ती आली तेव्हा फिरती दर निवडणुकीला ठेवली नाही. मतदारसंघांची पुनर्रचना होईल, त्यानंतरच जागा फिरणार. जोशींमुळे बदललं असं मी म्हणत नाही, तसा दावा करायला माझ्याकडे पुरावा नाही. पण ज्या खिळ्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं, तोच नंतर उपटावा लागला."

"त्या वेळी लोकसभेत ४५४ विरुद्ध २," रफिकभाई म्हणाले. "दोनातला एक आपल्या औरंगाबादचा, इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम बायांना वेगळा हिस्सा नाही, म्हणून. त्यांना शिव्या देणाऱ्यांनी कारण वाचलं का? राज्यसभेत तर २१४ विरुद्ध शून्य. सगळ्यांचं एकमत झालं की मला काळजी वाटते."

अप्पांना उपाय हवा होता. फिरती नको तर काय हवं? ताईंकडे उत्तर तयार होतं. तीन मतदारसंघ एकत्र करा, त्यातून तीन जण निवडा, त्यातली एक जागा बाईची. महाराष्ट्राच्या ४८ जागांचे १६ गट होतील. कुणाचाही मतदारसंघ हिरावला जाणार नाही.

इथे मात्र मन्याने ताईंनाच पकडलं. "ताई, नाशकात २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग होता. आठवतंय ना काय झालं? अ, ब, क, ड अशा चार जागा, चार बटणं दाबायची. लोक एक बटण दाबून निघायचे, बीप वाजायचाच नाही, केंद्राध्यक्ष मागून ओरडायचा. आणि गटार तुंबलं की चौघंही म्हणायचे, ते काम दुसऱ्याचं. लोकसभेत तर तीन मतदारसंघांचे १८ विधानसभा मतदारसंघ होतात. गरीब घरची बाई तेवढा प्रचार कशावर करणार?"

ताईंनी मान्य केलं. खर्चाचा मुद्दा खरा आहे, म्हणाल्या. १९५२ आणि १९५७ ला आपल्याकडे दोन सदस्यांचे मतदारसंघ होतेच, एक जागा खुली आणि एक राखीव, १९५२ ला उत्तर मुंबईत डॉ. आंबेडकर त्यातच हरले, आणि १९६१ च्या कायद्याने ते मतदारसंघ मोडले. "पण आंध्रातलं पार्वतीपुरम विसरू नका. १९५७ ला तिथे राखीव जागा भरल्यावर खुली जागाही अनुसूचित जमातीच्याच उमेदवाराने घेतली, कारण मतं त्याला जास्त होती. पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले, सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही हरले. म्हणजे राखीव उमेदवाराला त्याच मतदारसंघात खुली जागाही जिंकता येते. बायांना तिसरा हिस्सा ही कमाल मर्यादा का मानायची? तीनातल्या तीन बाया आल्या तर येऊ देत."

"मग आम्ही काय करायचं?" पंत कळवळून म्हणाले.

"सातबाऱ्यावर नाव लावायचं," अप्पा म्हणाले. हशा एवढा झाला की समोरच्या सायकल दुकानातला पोरगा बाहेर येऊन बघून गेला.

पंत चिडले. त्यांनी जोशींच्या एका खासगी, म्हणजे सरकारने नव्हे तर खासदाराने मांडलेल्या, विधेयकाचा विषय काढला, समाजवाद शब्द काढून टाकण्याचं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमात १९८९ पासून नोंदणीच्या वेळी प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. ती अट जाचक आहे, हे जोशींचं म्हणणं. पंतांच्या मते हा निव्वळ वेळेचा अपव्यय, कारण खासगी विधेयकं आजवर १४ च कायदा झाली, शेवटचं १९७० ला. हा आकडा मात्र पंतांना बरोबर ठाऊक होता, आणि ताईंनी त्यांना मनापासून शाबासकी दिली. पण मग म्हणाल्या, "समाजवाद न मानणाऱ्याने समाजवादाची शपथ घ्यायची, ही खोटी सही कायद्यानेच करायला लावली आहे. हे कुणीतरी सभागृहात उभं राहून म्हणायला नको?"

अप्पा म्हणाले, "आज हयात असते तर आपल्या कट्ट्यावरही एकटेच विरोधात बसले असते."

तेवढ्यात शिवाने सहा कटिंग आणि दोन प्लेट भज्यांचा हिशेब आणून ठेवला. पाळी पंतांची होती. आमच्याकडे बिलाची फिरती आहे, आणि ज्याची पाळी दुसऱ्या दिवशी नाही तो भजी जास्त मागवतो, हे मन्याने लगेच सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं.

पंत मोबाइल खिशात घालत उठले. "या चर्चेचा निषेध म्हणून मी सभात्याग करतो."

"खुशाल जा," रफिकभाईंनी सिगारेटचं पाकीट पुन्हा उलटलं. "पण भाजकातून गळलात की आमच्या प्रत्येकाच्या माथी वाढीव पैसे येतात. तेव्हा आधी बसून 'नाही' म्हणा."

"नाही!" पंत म्हणाले.

"नोंद झाली," सुलभाताई म्हणाल्या. "चार विरुद्ध एक. शिवा, पैसे पंतांकडून घे. आणि अप्पांना अजून एक चहा दे, तोही त्यांच्याच खात्यावर."